ताकाच्या पेल्यातला भरलेला हौद

ताकाच्या पेल्यात मी ती काडी बुडवली आणि दोन सेकंदांत फोननं कळवलं, "अभिनंदन! आपला हौद शंभर टक्के भरला आहे."

स्वयंपाकघरात मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं हसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा. काडी पुसली आणि आमटीच्या पातेल्यात बुडवली. अभिनंदन! चहाच्या कपात बुडवली. अभिनंदन! खरा हौद अंगणात कोरडा ठणठणीत पडला होता आणि हे डबडं माझ्या चहाला हौद समजून मला मुजरे करत होतं. तेहतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. जे दिसेल तेच लिहा, पदरचं काही लिहू नका, असं पोरांना ओरडून सांगितलं. असा मी मास्तर एका यंत्राला थापा मारून खूश होत होतो. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी सूड घेत होतो.

सूड कशाचा ते कळायला आमचं पाणी कळलं पाहिजे.

जुळे सोलापुरात आमच्या भागाला पाचव्या दिवशी पाणी येतं. दिवस ठरलेला, वेळ नाही. सकाळी सातला येईल, दुपारी तीनला येईल. दीड तास राहतं आणि जातं. त्यात पहिलं पाणी गढूळ असतं, म्हणून हौदाचा कॉक कायमचा उघडा टाकून कुणी निवांत बसत नाही. पहिली दहा मिनिटं पाणी झाडांना सोडायचं, ओंजळीत घेऊन बघायचं आणि मग कॉक फिरवायचा. हौद भरला की मोटार लावून वरची टाकी भरायची. हे सगळं आमच्याकडे बायको बघायची. पाणी येण्याआधी नळ खाकरतो, आतली हवा बाहेर पडते, तो आवाज हिला शेजारच्या लग्नाच्या बँडमधूनही ऐकू येतो. मला नळासमोर बसूनही ऐकू आलेला नव्हता.

त्यामुळे पाण्याच्या दिवशी ही घर सोडत नसे. या चौघी बहिणी. थोरली अक्का टेंभुर्णीजवळ शेतातच राहते. दर हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की अक्का तिघींना बोलावते. आगटी पेटते, कणसं भाजली जातात, शेंगाची चटणी, गूळ, दही, आणि चौघींच्या तोंडाला विश्रांती नाही. दोघी दोन-तीन दिवस मुक्काम करतात. माझी बायको एवढ्या वर्षांत एकदाही राहिली नाही. सकाळी जायची, संध्याकाळच्या एसटीनं परत. "उद्या पाणी हाय का गं तुझं?" अक्का विचारायची, आणि बहिणी हिला 'पाणीवाली बाई' म्हणून चिडवायच्या. ही हसायची. मागच्या हिवाळ्यात मीही बरोबर होतो, तेव्हा मात्र एसटीत बसल्यावर हसू गेलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकदा राहायचं होतं हो मला. आमची वयं काय आता थांबणार आहेत?"

हे माझ्या मनाला लागलं. नवरा म्हणून लागलं असतं तर बरं झालं असतं. मला ते विज्ञान शिक्षक म्हणून लागलं आणि तिथं घोटाळा झाला.

मी यंत्र मागवलं. भिंतीवर लावायचा पांढरा डबा, नळाच्या लाइनीत बसवायचा विजेवरचा कॉक, पाण्याची पातळी मोजणारी एक काडी हौदात, एक वरच्या टाकीत, आणि सगळ्यांवर साहेब म्हणून फोनमधलं ॲप. पाणी आलं की गढूळ कुठलं, स्वच्छ कुठलं हे यंत्र ओळखणार, कॉक उघडणार, हौद भरला की मोटार लावणार आणि दोघांच्या फोनवर निरोप धाडणार. ॲपनं आधी माझी जन्मतारीख मागितली, मग घराचा नकाशा, मग फोनमधले फोटो बघायची परवानगी. हौद भरायला माझ्या मेहुणीच्या साठीचे फोटो कशाला लागतात ते मला कळेना, पण मी दिले. माहितीपुस्तिकेतली पहिलीच सूचना होती, 'हे यंत्र पाण्यापासून दूर ठेवावे.' ती मी हिला हसत हसत वाचून दाखवली.

"मग ते पाण्याचं काम कसं करणार?" तिनं विचारलं.

"ते तांत्रिक आहे," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की वर्गातही मी हेच म्हणायचो.

प्लंबर आमच्या ओळखीचा. त्यानं पाइप बघितला, यंत्र बघितलं आणि डोकं खाजवलं.

"सर, जुना पितळी कॉक बाजूला ऱ्हाऊ द्या की. लाइट गेली, काय झालं, तर हातानं फिरवता येतंय."

"अहो, हातानंच फिरवायचा तर यंत्र कशाला?"

"तेच म्हणतोय मी."

मी त्याचा स्वयंचलन या विषयावर दहा मिनिटं तास घेतला. तो ऐकत ऐकत पान्हा फिरवत राहिला आणि तास संपेपर्यंत कॉक त्याच्या हातात आला. "घ्या. चांगला भारी माल हाय, टाकू नका." बायकोनं तो कॉक घेतला, पदरानं पुसला आणि आत घेऊन गेली.

पहिल्या पाळीला आम्ही दोघं घरीच होतो. यंत्रानं सगळं बिनचूक केलं. मी हाताची घडी घालून अंगणात असा उभा होतो, जणू उजनी धरणातून पाणी मीच चालवत आणलंय. त्याच संध्याकाळी हिनं अक्काला फोन केला. "या वेळी मी राहणार आहे गं. दोन दिवस."

टेंभुर्णीला मीही गेलो. यंत्र विकत घेतलेल्या माणसाला ते दाखवायला माणसं लागतात. आमचे साडू, म्हणजे अक्काचे यजमान, बांधावर बसून कणसं चोळत होते. मी त्यांच्या मांडीवर फोन ठेवला. ते म्हणाले, "मास्तर, म्हंजी तुमचा हौद सोलापुरात आन् तुमी हितं बसून बगताय? लई भारी. आन् वतायचं पानी कसं?"

दुसरा दिवस पाण्याचा होता. सकाळपासून हिचं एका कानानं बहिणींशी बोलणं चाललं होतं आणि दुसरा कान सोलापुरात होता. अकराच्या सुमाराला दोघांचे फोन एकदम वाजले. अभिनंदन! मी आगटीजवळ उभा राहून निरोप मोठ्यानं वाचला.

"खरंच भरला?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के."

मग तिनं जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. आखडून बसलेली होती, तिनं दोन्ही पाय लांब पसरले. अक्काच्या खांद्याला टेकली, मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असं पाय सोडून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माझी छाती इतकी फुगली की मी तिथंच जाहीर केलं, "उद्या सगळे आमच्याकडे चला! वरच्या टाकीचं पाणी, गरम शॉवर, मनसोक्त आंघोळी."

"आमच्या विहिरीला कवाच असलं अभिनंदन आलं न्हाय बगा," साडू म्हणाले. "येतो."

दुसऱ्या दिवशी जीप भरून आम्ही नऊ जण सोलापूरला आलो. वाटेत धूळ, अंगावर आगटीची राख. अक्का आधी उतरली आणि पाय धुवायला अंगणातल्या नळाशी गेली. नळानं एक लांब सुस्कारा सोडला आणि गप्प झाला. ॲपमध्ये बघितलं तर शंभर टक्के. मी हौदाचं झाकण उचललं. साडू माझ्या खांद्यावरून आत डोकावले.

"मास्तर, यात शंभर टक्के काय भरलंय? वारं?"

तेवढ्यात चावीवाला सायकलवरून चालला होता. लांब लोखंडी चावीनं आमच्या भागाचं पाणी सोडतो तो. मी त्याला थांबवून विचारलं, काल पाणी सोडलंत का?

"तर! दीड तास सोडलं की. सगळ्यांच्यात बदाबदा. तुमच्याच दारात न्हाय. मी दोन हाका मारल्या, वाकून बगितलं तर कॉकला दांडाच न्हाय. म्हनलं, फिरवायचं काय?"

त्या दिवशी नऊ माणसांना पाणी मिळालं ते शेजाऱ्यांच्या मेहेरबानीनं. माझी बायको हुरड्यासाठी खास नेसलेल्या इरकल साडीत घागरी उचलून आणत होती. मी एक घागर धरायला गेलो, तर म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही फोन धरा." मेहुण्या एकमेकींकडे बघत होत्या, चिडवत मात्र कुणी नव्हतं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. साडू न्हाणीत मोजून अर्ध्या बादलीत आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "शॉवर लई गार हुता." संध्याकाळी जीपमध्ये बसताना अक्का म्हणाली, "वरच्या तुकड्यातला हुरडा अजून आठवडाभर चालंल. ये की गं परत."

"नको अक्का," ही म्हणाली. "पुढच्या वर्षीपण नको बोलावू. मी राहिले की असं होतं."

जीप गेली. मी अंगणात उभा होतो आणि भिंतीवर त्या डब्याचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता. त्या दिव्याकडे बघून मी मनात म्हटलं, तुला सोडणार नाही.

आधी कायदेशीर मार्ग धरला. कंपनीला फोन केला. एका गोड बाईनं माझा फोन किती महत्त्वाचा आहे ते पाऊण तास सांगितलं आणि फोन कापला. मग ॲपमध्ये लिहून तक्रार केली. पलीकडे माणूस नव्हताच, तेही एक यंत्र. म्हणालं, "आपल्या भावना आम्ही समजतो." मी विचारलं, पाणी आलं नसताना हौद भरला असं कळवलंच कसं? उत्तर आलं, "इंटरनेट बंद असताना कॉक सुरक्षिततेसाठी बंद राहतो. अशा वेळी ग्राहकाच्या मागील सवयीवरून अंदाज कळवण्यात येतो. ही सुविधा मोफत आहे."

हे मी तीनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरचं नेट गेलं होतं. पाचव्या दिवशी पाणी येतं हे या डबड्याच्या मालकांनी शिकून घेतलं होतं, तेव्हा ते आलं असेल, हौद भरला असेल, असं धरून त्यांनी बायकोला अभिनंदन पाठवलं! प्रयोग न करता घरी बसून प्रयोगवहीत निरीक्षणं लिहिणारी पोरं माझ्या हातून कधी सुटली नाहीत. त्यांना मी बाकावर उभं केलंय, वही फाडून पुन्हा लिहायला लावलीय. आणि इथं एक अख्खी कंपनी तेच करून वर फुकट सुविधा म्हणत होती. परत घ्या म्हटलं, तर परत करायची मुदत संपलेली. शेवटी त्यांनी विचारलं, "आमच्या सेवेला किती तारे द्याल?" मी एक दिला. शून्य देता येत नव्हतं. "आपल्या ताऱ्याबद्दल आभारी आहोत."

म्हणून तिसऱ्या दिवशी, बायको शेजारी पाणी आणायला गेली होती तेव्हा, मी हौदातली काडी वायरसकट ओढून खिडकीतून आत घेतली आणि ताकात बुडवली. तुला खोटं लिहायची हौस आहे ना? घे. ताक म्हणजे हौद लिही. आमटी म्हणजे हौद लिही. मी एकेक अभिनंदन चवीनं वाचत होतो. शेवटी काडी परत ताकात उभी केली, पेला ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसलो. शेजाऱ्यांची घरघंटी कुठंतरी घरघरत होती. थोड्या वेळानं जळका वास आला. आमटी लागली वाटतं, म्हणून मी गॅस बघितला. गॅस बंद होता.

बायको घागर घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

"मोटार कोणी लावली?"

"कसली मोटार?"

ती घागर ठेवून मागच्या बाजूला पळाली, मीही पळालो. घरघंटी शेजाऱ्यांची नव्हती. मोटार आमची होती, आणि तिच्यातून निळसर धूर येत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हौद भरलाय म्हटल्यावर यंत्रानं वरची टाकी रिकामी पाहिली आणि आपलं काम इमानानं सुरू केलं होतं. आयुष्यात एकदा ते प्रामाणिक वागलं, तेही माझ्या थापेवर विश्वास ठेवून. कोरड्या हौदातून ताक ओढता ओढता मोटार जळाली.

मी बटण बंद केलं. आम्ही दोघं धुराकडे बघत उभे राहिलो. मग ती आत गेली, ओट्यावरचा पेला बघितला, काडी बघितली.

"हे काय?"

मी खरं सांगितलं. दुसरा इलाजच नव्हता. ती पाटावर बसली. मला वाटलं रडणार. ती हसायला लागली, पण ते हसू माझ्या कामाचं नव्हतं.

"एक विचारू?" हसू संपल्यावर ती म्हणाली. "निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तुम्हाला. दिवसभर पेपर वाचता, खुर्चीत डुलक्या काढता. मला दोन दिवस अक्काकडे पाठवायचं होतं, तर तो कॉक तुम्हीच फिरवला असता तर?"

मी तोंड उघडलं. "ते तांत्रिक..." एवढंच आलं आणि मिटलं. खरं म्हणजे एवढ्या खटाटोपात, एवढ्या वायरी जोडताना, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. यंत्र मागवलं तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलो होतो.

तिनं उठून ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पितळी कॉक बाहेर काढला. "उद्या प्लंबरला बोलवा. परवा पाणी आहे. आणि परवा मी टेंभुर्णीला चाललेय."

हा तिचा सूड होता. माझ्या सुडापेक्षा कितीतरी बेतशीर.

प्लंबरनं कॉक परत बसवला, फिरवून दाखवला आणि म्हणाला, "नेट लागत न्हाय याला." जळलेली मोटार नवं वाइंडिंग भरायला टाकली होती, ती आठवडाभर मिळणार नव्हती. पाण्याच्या दिवशी सकाळी बायकोनं पिशवी भरली. दारातून मला तिनं अशा सूचना दिल्या, जशा मी परीक्षेला बसणाऱ्या पोरांना द्यायचो. नळ खाकरला की उठायचं. पहिलं पाणी झाडांना. ओंजळीत घेऊन बघायचं. वास घ्यायचा. पेपर वाचत बसायचं नाही. आणि मोटार नाही, तेव्हा वरच्या टाकीत बादल्यांनी.

"किती बादल्या?"

"ॲपला विचारा," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

मी नळासमोर खुर्ची टाकून बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. लघवीला जायची भीती वाटायला लागली. बायको हे एवढी वर्षं करत होती, स्वयंपाक करता करता, माझे शर्ट इस्त्री करता करता, आणि मी कायम खुर्चीतून विचारत आलो, "आलं का गं पाणी?" साडेबाराला नळाच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. एकदा, दोनदा. मी ताडकन उठलो. खाकरला! निवृत्तीनंतर एवढा आनंद मला कशानं झाला नव्हता.

झाडांना सोडलं, ओंजळीत बघितलं, वास घेतला, कॉक फिरवला. हौद भरायला लागला तशी पहिली बादली मी वेगळी भरून घेतली, काठोकाठ. आत जाऊन भिंतीवरचा डबा वायरी तोडून काढला. पाठीमागे छोट्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाण्यापासून दूर ठेवावे'. हे मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बादलीत बुडवला आणि हातानं तळाशी दाबून धरला. बारीक बुडबुडे आले, आतल्या बॅटरीवर हिरवा दिवा थोडा वेळ लागून राहिला, एकदा लुकलुकला आणि गेला. नऊ माणसांच्या आंघोळी, इरकल साडीवरचं ओलं, 'पुढच्या वर्षी नको बोलावू'. सगळ्याची आठवण करून देत मी त्याला दाबून ठेवला. हात गारठला तरी सोडला नाही.

फोन वाजला. बायको होती. मागे वाऱ्याचा आवाज आणि मेहुण्यांचा गलका.

"आलं?"

"आलं. हौद भरत आलाय."

"कोण म्हणतंय? तुम्ही की यंत्र?"

"यंत्र वारलं," मी म्हणालो.

"तुमच्यावर विश्वास नाही. नळापाशी धरा फोन."

मी फोन हौदात पडणाऱ्या धारेजवळ नेला आणि वाकून धरून उभा राहिलो. तिकडचा गलका थांबला. हौदात पाणी पडत होतं. मग साडूंचा आवाज आला, "व्हय व्हय, पानीच हाय."

"ऐकलं," ती म्हणाली. "मग मी पुढच्या पाण्यापर्यंत राहते. तेही तुम्हीच भरा." आणि फोन ठेवायच्या आधी तिनं अक्काला काहीतरी सांगितलं, त्यावर चौघी हसल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

मी बादली उचलली, डबा कचऱ्यात ओतला आणि जिना चढायला लागलो. सोळाव्या बादलीला गुडघे बोलायला लागले. टाकीत डोकावून बघितलं तर पाव भागसुद्धा झाला नव्हता.